वरचे काका

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार. रक्कम एक लाख बारा हजार रुपये. हजर: वरचे काका, काकी, त्यांचे उधव्याचे जावई, काकांचा चुलत भाऊ महादू आणि मी. पैसे मी दोनदा मोजले आणि काकांच्या खाटेच्या कडेला ठेवले. आता काका हात जोडतील, निदान डोळे तरी पुसतील, अशा तयारीने आम्ही सगळे उभे होतो. काकांनी पडल्यापडल्या मान वळवून नोटांकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, हे माझ्या पायांसाठी हाय का माझ्यासाठी?"

काकीच म्हणाल्या, "पाय काय तुमच्याहून निराळे हायत?"

"हायत ना. सव्वा वर्ष झालं, बोलत नाय माझ्याशी."

जावई हसले, आणि हसलो म्हणून लगेच ओशाळले. काकी हसल्या नाहीत. त्या पैशात त्यांच्या बैलजोडीचे अठ्ठावन्न हजार होते.

कैनाडच्या आमच्या पाड्यात त्यांना सगळे वरचे काका म्हणत, कारण ते वर असत. ताडी काढणं हा त्यांचा धंदा. थंडी सुरू झाली की उन्हाळा संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ ते कुठल्या ना कुठल्या ताडावर असायचे. माझ्या परसातले ताडही त्यांच्याकडेच होते. मी चिकूच्या वखारीत हिशोब लिहितो. सकाळी तोंड धुवायला मागच्या दारी आलो की पहिलं दर्शन काकांच्या तळव्यांचं. तोंड दिसायचं नाही, आवाज मात्र पाडाभर जायचा. "भाऊ, तुझा मेव्हणा येतोय रस्त्याने. पिशवी रिकामीच दिसते, चहाच्या पुढे जाऊ नको." हे आत चुलीशी बायकोला ऐकू जायचं आणि ती तिथूनच म्हणायची, "माझ्या भावाच्या पिशवीत डोकवायला यांना कोणी चढवलंय वर?" तोवर मेव्हणा दारात हजर.

कोणाची म्हैस कोणाच्या भातात शिरली, कोण भांडून माहेरी निघाली, तलासरीची जीप कुठे बंद पडली, हे सगळं आम्हाला वरून कळायचं. आकाश मोकळं असलं तर डहाणूपलीकडे समुद्राची पट्टी आणि तिच्यावरच्या होड्यासुद्धा दिसतात, असं ते सांगत. एवढ्या लांबचं दिसणं शक्य नाही, असं मी एकदा म्हणालो. "ये वर, दाखवतो," ते म्हणाले. विषय तिथेच मिटला.

एवढं बोलणारा माणूस झाडावरून उतरताना मात्र अवाक्षर काढायचा नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. जमिनीला पाय लागल्यावर मग, "हं, काय म्हणत होतास?" त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. "चढताना माणसाचं ध्यान हातात असतं. उतरताना घरी गेलेलं असतं. म्हणून उतरताना गप राहावं."

नोव्हेंबर २०१४ मध्ये ते महादूच्या ताडावरून पडले ते उतरतानाच. झाडाला चढायचा बांबू बांधतात, त्याचा वरचा दोर मागच्या वर्षीचा होता, तो तुटला. काका गप्पच उतरत होते, त्यामुळे ओरडलेही नाहीत. आम्हाला एकदम धप्प आवाजच ऐकू आला.

तेव्हा आम्ही काय केलं तेही सांगायला हवं. आम्ही त्यांना काखेत धरून बसवलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. मग घोंगडी बांबूला बांधून डोली केली आणि त्यांना रस्त्यावर नेलं. फळी किंवा खाट नेता आली नसती. काकांचं घर आणि रस्ता यांच्यामध्ये महादूची भातखाचरं, आणि त्यातून जायला एक फूट रुंदीचा बांध. तिथे दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. एक पुढे, एक मागे, मध्ये दुमडलेले काका. अशा माणसाची पाठ वाकू द्यायची नसते हे आता पाड्यातल्या सगळ्यांना माहीत आहे; तेव्हा एकालाही माहीत नव्हतं. पुढे मोठ्या दवाखान्यात मी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जू बहुतेक पडतानाच चिरडला असावा. ते 'बहुतेक' म्हणाले. मीही तेवढंच सांगतो.

पाठीत सळ्या घालून ते जानेवारीत घरी आले. बेंबीच्या खाली काहीच कळत नव्हतं. घर एका खोलीचं, वर पत्रे. खाट मागच्या भिंतीला लागून. हातभर झरोका होता, पण तो त्यांच्या डोक्यामागे. खाट फिरवून लावली तर दार उघडेना. म्हणून ती तशीच राहिली आणि काकांच्या वाट्याला पत्रा आला. उन्हाळ्यात दुपारी तो पत्रा तापायचा, आणि घाम फक्त छातीपर्यंत यायचा. "अर्धा मी उन्हात हाय, अर्धा सावलीत," ते म्हणायचे.

त्याच जानेवारीत थंडी कडक पडली. काकांचे पाय बर्फासारखे लागतात म्हणून काकींनी बाळंतिणीला देतात तशी निखाऱ्याची शेगडी खाटेखाली सरकवली. आमच्याकडे अंगात वारं शिरलं की हाच उपाय. काकी चुलीकडे वळल्या. थोड्या वेळाने काका म्हणाले, "महादूकडे आज सुकट भाजतात काय गं? वास येतोय." काकींनी दाराबाहेर जाऊन वास घेतला. बाहेर वास नव्हता. मग त्यांनी खाटेखाली वाकून बघितलं. टाच होती ती, काकांचीच. ती जखम भरायला पुढचा पावसाळा उजाडला. काका ही हकीकत आल्यागेल्याला सांगून हसवायचे. काकी त्या वेळी उठून बाहेर जायच्या.

भेटायला येणाऱ्याने "कसं वाटतं?" असं विचारलेलं त्यांना चालायचं नाही. "मला काय वाटणार? काल होतो तसाच हाय. तू बाहेरनं आलायस, तू सांग." मग आलेला माणूस चाचरत काहीतरी सांगायचा. मी वखारीतून परतताना जायचो आणि चिकूला काय भाव फुटला ते सांगायचो. दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, तू भाव सांगतोस. झाड सांग." तोवर मी वीस वर्षं चिकूचा हिशोब लिहीत होतो आणि झाडाकडे कधी धड बघितलं नव्हतं. मी बघून यायला लागलो. कोणत्या फांदीला बहर धरलाय, कुठे वटवाघळांनी सडा पाडलाय, बांधावर कोणतं गवत आलंय. सांगताना चुकलो तर ते लगेच पकडायचे. "तिथं करंज नाय, शिवण हाय. उद्या नीट बघून ये."

पावसाळ्यात मात्र सांगायलाही कोणी जायचं नाही. खाचरं भरली की तो बांध साबणासारखा होतो. जून ते ऑक्टोबर काकांकडे काकी आणि शेजारचा महादू सोडून कोणाचं तोंड दिसायचं नाही. रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या ऐकू यायच्या. "ही उधव्याची जीप. आज माणसं कमी, चढणीला दम नाय लागला," असं ते पत्र्याकडे बघत म्हणायचे. तसंच होतं का, ते बघायला काकी दारापर्यंत जायच्या आणि "खरंय" म्हणायच्या. काकीच मला म्हणाल्या, "खरं नसलं तरी म्हणते."

आता त्या एक लाख बारा हजारांचं. तलासरीला एका हॉलमध्ये कसली तरी सभा झाली होती. पाठीचा मणका मोडलेल्यांना आणि हातापायातलं बळ गेलेल्यांना सुईने बरं करतात, असं तिथे सांगितलं. रोग्याच्याच हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी पाठीत सोडायच्या, की तुटलेली नस परत धरते. पडद्यावर दोन दांड्या धरून चालणारा माणूस दाखवला. "आम्ही गॅरंटी देत नाही, रिझल्ट देतो," असं तो सांगणारा म्हणाला. जावई तिथून आले ते काका चालणार हे ठरवूनच. काकींनी बैल विकले. जावयांनी तीस हजार घातले, पाड्याने चोवीस हजार जमवले. पैसे मोजायचं काम माझ्याकडे आलं.

काकांच्या त्या प्रश्नानंतर मला स्वस्थ बसवेना. मी त्यांचे सगळे कागद घेऊन मुंबईच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला पुरता अर्धा तास दिला. त्या म्हणाल्या, "हाड मोडलं तर आम्ही जोडतो. मज्जारज्जू जोडणं अजून जगात कोणाला नीट जमलेलं नाही. संशोधन चालू आहे, उंदरांवर थोडं यशही येतंय. उद्या जमेलही. पण जे अजून प्रयोगातच आहे त्याचे कोणी रोग्याकडून पैसे मागत असेल, तर देऊ नका." मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. कूस दर दोन तासांनी बदला. लघवीची नळी वेळेवर घाला. उठून बसायला शिकवा. "अशी माणसं पायांनी मरत नाहीत, जखमेने मरतात. आणि त्यांना घराबाहेर काढा. ताडावर चढलेले हात आहेत ना? मग चाकं द्या, स्वतः जातील."

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "भाऊ, तुम्हाला कोणी धाडलं होतं विचारायला? पैसे मोजलेत ते मोजलेत, आता आमची आशापण मोजून आलात?"

काका मात्र बारीकसारीक विचारत राहिले. "म्हणजे मधला दोर तुटलाय. मग गाठ नाय मारता येत?" मी म्हटलं, नाही. "नवीन वळता?" मी म्हटलं, अजून तरी नाही. काका म्हणाले, "उंदरांना चालू दे आधी. मी मागनं येतो."

सुईचा बेत तिथेच मोडला. पाड्याचे चोवीस हजार मी ज्याचे त्याला परत केले. जावयांच्या पैशातून हवेची गादी, नळ्या, मलमपट्टी हे सुरू झालं. बैलांचे अठ्ठावन्न हजार काकींनी पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि कुलूप घातलं. त्याला त्या 'पायांचे पैसे' म्हणत. दुसऱ्या कशालाही त्यातला रुपया काढायचा नाही. काका चालत दर्शनाला येतील, असं त्यांनी महालक्ष्मीला बोलून ठेवलं होतं. कधीतरी सुई निघेल तेव्हा पैसे नाहीत असं व्हायला नको.

त्याच वर्षी मे महिन्यात डहाणूच्या शिबिरात काकांच्या नावाने हाताने फिरवायची तीनचाकी मिळाली. टेम्पोने ती रस्त्यालगतच्या आमच्या दारात उतरवली आणि ती आमच्याच ओटीवर राहिली. पुढे बांध एक फुटाचा, गाडी अडीच फुटांची. काका तिकडे, त्यांची गाडी इकडे. ते एखाद्या पाहुण्याची करावी तशी तिची चौकशी करायचे. "कशी हाय? बसून बघितलंस का तू?" मी बसलो नव्हतो. बायकोने तिच्या सीटवर एकदा पापड वाळत घातले, हे माझ्या तोंडून निघून गेलं. "वहिनीला सांग, निदान उडदाचे घालत जा. तांदळाच्या पापडाला गाडी कशाला पाहिजे?"

त्यांना डोलीतून रस्त्यावर आणायला आम्ही चौघे कधीही तयार होतो. ते ऐकत नसत. "डोलीत एकदा बसलो, पुरे झालं. पुढच्या वेळी उचलाल तेव्हा विचारायला मी नसेन. तोवर मला उचलू नका. मला वाट करून द्या."

वाट करणं अवघड नव्हतं. बांधाच्या बाजूला दोन फूट भराव टाकायचा, मुरूम दाबायचा, पाण्याला एक पाइप ठेवायचा. जमीन महादूची. तो लगेच म्हणाला, "दोन ओळी भात कमी आलं तर मी काय मरत नाय. उद्या कुदळ घेऊन येतो." नाही म्हणाल्या त्या काकी.

"गाडीची वाट केली म्हणजे पाय सोडले. माणसांना काय, माणसं विसरतील. देवीला काय सांगू?"

जावयांनी समजावलं, मी समजावलं, महादू दोनदा कुदळ घेऊन आला आणि दोनदा परत गेला. काकी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "नको" एवढंच. मला काकांचं नवल वाटलं. घर त्यांचं, शरीर त्यांचं, आणि ते एका शब्दाने बायकोला विरोध करत नव्हते. काकी पाण्याला गेल्या असताना मी त्यांना विचारलं. ते हळूच म्हणाले, "भाऊ, दिवसातनं इतक्या वेळा मला कुशीवर वळवणारी ती. तिला दुखवून मी कुठल्या कुशीवर झोपू?"

असा एक पावसाळा गेला, दुसरा लागला. तीनचाकीच्या साखळीला मी वेळोवेळी तेल घालत होतो.

जुलै २०१७ मध्ये तीन दिवस सलग पाऊस झाला. महादू घरातल्या सगळ्यांना घेऊन सासुरवाडीला उत्तरकार्याला गेला होता. बांध मध्येच फुटला. मी बांधाच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला होतो आणि मला काहीच माहीत नव्हतं. काकींना ताप भरला. सकाळी त्या चुलीशी गेल्या आणि तिथेच खाली कोसळल्या. काका खाटेवरून हाका मारत राहिले. आधी काकींना, मग महादूला, मग मला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. त्यांनी मला पुढे सांगितलं ते असं: "इतकी वर्षं वरनं ओरडलो, सगळ्या पाड्याला ऐकू गेलं. त्या दिवशी खालनं ओरडलो, तर चार हातांवर पडलेल्या बाईला नाय ऐकू गेलं."

मग त्यांनी खाटेची कड धरून स्वतःला खाली टाकलं. कोपरांवर अंग ओढत ते हंड्याशी गेले, तांब्या भरला, आणि तांब्या पुढे सरकवायचा, मग आपण सरकायचं, असे काकींपर्यंत पोचले. त्यांच्या कपाळावर पाणी मारलं, तोंडात घोट घोट सोडलं. परत खाटेवर चढणं त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी महादू आला तोवर दोघं ओल्या जमिनीवर होती.

काकींनी मधे एकदा डोळे उघडले होते. चुलीशी, आपल्या शेजारी, नवरा. तापाच्या गुंगीत त्या म्हणाल्या, "चालत आलात?"

"नाय," काका म्हणाले. "फरफटत आलो."

हे मला काकींनीच सांगितलं, काकांनी नाही.

दिवाळीत भात कापून झालं आणि काकींनी पेटीचं कुलूप काढलं. मला बोलावून पैसे पुढे ठेवले. "मुरमाची ट्रॉली सांगा. पाइप चांगला आणा, हलका नको." देवीकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सकाळी महादू कुदळ घेऊन आला तेव्हा त्या आधीच बांधावर होत्या, आणि निम्मा झाडोरा तोडून झाला होता. "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा," तो म्हणाला. "तू बाजूला हो," त्या म्हणाल्या, "गेल्या दोन वर्षांचं काम हाय हे."

वाट तयार झाल्यावर आम्ही तीनचाकी दारापर्यंत नेली. काकांनी दाराच्या चौकटीला आणि गाडीच्या दांड्याला धरून स्वतःला सीटवर चढवलं. आमच्यापैकी कोणाला हात लावू दिला नाही. ते हाताने पायडल फिरवत निघाले. मागून काकी चालत होत्या, सीटपासून वीतभर अंतरावर हात ठेवून. निम्म्या वाटेवर काका थांबले. मला वाटलं दम लागला. "काय झालं, काका?"

"काय नाय. बघतोय."

तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. भात कापून उरलेले खुंट आणि दोन बगळे.

पुढचं वर्षभर ते रोज रस्त्यावर असायचे. आमच्या दारापुढे गाडी लावून बसत. जीपवाले त्यांना बघून हॉर्न देत आणि ते ड्रायव्हरला विचारत, "तलासरीला पाऊस काय म्हणतो?" थोड्याच दिवसांत पाड्याच्या बातम्या परत त्यांच्याकडून कळायला लागल्या. माझ्या मेव्हण्याला काकांचा धाक परत वाटायला लागला. माझ्या ताडांची ताडी आता उधव्याचा एक माणूस काढतो. तो वर असला की काका खालून त्याच्याशी गप्पा मारायचे, पण मान वर करून कधी बघायचे नाहीत. का, म्हणून मी एकदा विचारलं. "मान दुखते," ते म्हणाले.

फरफटताना कुल्ल्यावरचं कातडं सोलून निघालं होतं. ती जखम वरून भरली तरी आतून भरली नाही. डॉक्टर बाईंनी सांगितलेलं आम्ही सगळं केलं; काकींनी तर घड्याळ लावून केलं. दोनदा दवाखान्यात ठेवून आणलं. जखम हाडापर्यंत गेली होती. तशातही ते पोटावर झोपून, दारातून दिसेल तेवढा रस्ता बघत असायचे. खाट आता दाराकडे तोंड करून होती. दार अर्धंच उघडायचं, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मार्च २०१९ मध्ये मी गेलो तर म्हणाले, "भाऊ, सुई निघाली का रे कुठं?" मी म्हटलं, नाही, अजून उंदरांवरच चाललंय. "चालू दे," ते म्हणाले. "घाई नाय." एप्रिलमध्ये ते गेले. त्या वाटेने त्यांना चौघांनी खांद्यावर नेलं, दोघे डावीकडे, दोघे उजवीकडे.

जूनमध्ये पेरणीच्या आधी महादू नांगर घेऊन खाचरात उतरला. वाटेच्या कडेला थांबून तो जरा चाचरत म्हणाला, "वहिनी, आता गाडी तर काय चालायची नाय. मुरूम काढून घेतला तर दोन ओळी परत येतील."

त्याचं बोलणं गैर नव्हतं. जमीन त्याचीच होती. काकींनी मला हाक मारली. "भाऊ, किती भात येतं त्या पट्टीत? नीट हिशोब करून सांगा."

चारशे फूट लांब, दोन फूट रुंद, म्हणजे पाऊण गुंठा. महादूच्या खाचरात गुंठ्याला चाळीस किलो भात येतं. तीस किलो. त्या वर्षीच्या साडेसतरा रुपये भावाने पाचशे पंचवीस रुपये. मी आकडा सांगितला. दोन पावसाळे अडलेल्या वाटेची किंमत एवढीच होती.

काकींनी पेटीतून पैसे आणले. पायांच्या पैशातले शेवटचे होते ते. "हे या सालचे. पुढच्या सालचे पुढच्या साली."

"वहिनी, लाजवू नका," महादू मागे सरला. "राहू दे वाट, मी नाय मोडत. पैसे कसले देता?"

"धर मुकाट्याने. फुकट दिलेली वाट उद्या तुझी सून मोडंल. पैसे घेतलेस तर नाय मोडणार."

१० जून २०१९, सोमवार. रुपये पाचशे पंचवीस. दिले काकींनी, घेतले महादूने, हजर मी. महादूने ते सदऱ्याच्या खिशात घातले, नांगर उचलला आणि वाट सोडून पलीकडून नांगरटीचं तास धरलं.